वकीलबाईंचा गहू

मार्लिसनं शेतातून तोडून आणलेल्या ओंब्या ऑर्लिनच्या हातावर ठेवल्या. त्यानं त्या तळव्यात चोळल्या, फुंकर मारून फोलपट उडवलं आणि एक दाणा दाढेखाली धरला. दाणा नुसताच दबला.

"ओला आहे अजून," तो म्हणाला. "पश्चिमेच्या बाजूच्या आणल्यास ना?"

"तू सांगितलंस तिथल्याच."

"उद्या परत आण. सकाळी नको, दव असतं. दुपारी आण."

"दुपारी मला जत्रेच्या मिरवणुकीत पोरांवर चॉकलेटं फेकायचीत."

"मग फेकून झाल्यावर आण."

एरवी ऑगस्टात ऑर्लिन ट्वेतेन दिवसातून चार वेळा बांधावर जायचा. यंदा तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसून होता. जुलैत पत्र्याच्या कोठीची शिडी चढताना वरच्या पायरीचा बोल्ट निसटला आणि तो पाठीवर आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खुबा सरकला. इस्पितळात त्यात सळया घातल्या आणि पाय टेकायचा नाही अशी ताकीद देऊन घरी पाठवलं. साठीला आलेला, गाडीच्या चाकाइतका रुंद माणूस. त्याला आता संडासाला जायचं तर बायकोच्या गळ्यात हात टाकावा लागे. ती कोर्टाच्या कपड्यांत असली तर तो थांबून राही. कपडे चुरगळतील म्हणून. ती म्हणायची, "चुरगळू देत. तिकडं कोण बघतंय?" पण तिकडं सगळेच बघत होते. कारण मार्लिस निवडणुकीला उभी होती.

आमच्याकडं न्यायाधीशही लोकांच्या मतांनी निवडतात, आणि जुने न्यायाधीश निवृत्त होणार होते. तीस वर्षं त्याच कोर्टात वकिली केलेल्या मार्लिसनं वसंतात अर्ज भरला. समोर क्रेग ब्रेकी, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील, तिच्याहून वयानं लहान, दातांनी सरळ. न्यायाधीशाच्या निवडणुकीत पक्ष नसतो. मतपत्रिकेवर नुसती नावं. या गोष्टीनं आमच्याकडची माणसं फार अस्वस्थ होतात. कांदा कुठल्या वाफ्यातला ते कळल्याशिवाय त्यांना तो चिरवत नाही. तेव्हा धान्याच्या गोदामावर सकाळच्या कॉफीला संशोधन चाले. बाई पिकअप कुठल्या कंपनीची चालवते? चर्चमध्ये पुढं बसते की मागं? हरणाच्या शिकारीला जाते का? जाते, पण नेम नवऱ्यापेक्षा बरा आहे, हे कुठल्या खात्यात धरायचं? एकानं तिला तोंडावरच विचारलं, "वकीलबाई, खरं सांगा, तुम्ही नक्की कुणाच्या?" तेव्हा ती म्हणाली, "ऑर्लिनच्या. पण तोही हल्ली विचारात पडलाय."

लोक हसले. हसण्यातून मत काढता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी शेजारची आर्डिस लिंडग्रेन आली. नवरा गेल्यापासून स्वतःची जमीन स्वतः कसणारी, आवाजानं कोंबड्या उडवणारी बाई. पायरीवर बूट न काढता तिनं दारातूनच विचारलं, "ऑर्लिन, तुझ्या मोरीवरचा रस्ता जड गाडीला टिकतो का रे अजून?"

"टिकतो."

"बरं. सहज विचारलं." मग मार्लिसकडं वळून, "आणि तुझ्याकडं ते मोठं कॉफीचं भांडं आहे ना, चर्चमधलं?"

"आहे."

"असू दे. सहज विचारलं."

ती गेली. नवरा-बायको एकमेकांकडं बघत राहिले. दोघांनाही कळलं होतं आणि दोघांनीही ते बोलायचं नव्हतं. आमच्याकडं इर्जिक अशीच ठरते. माणूस कापणीच्या तोंडावर आडवा झाला तर शेजारी एका सकाळी हार्वेस्टर घेऊन येतात आणि त्याचं शेत कापून, कोठ्या भरून निघून जातात. त्याला विचारायचं नसतं. त्यानं मागायचं नसतं. आधी कळलं असं दाखवायचं नसतं, नंतर आभार मानायचे नसतात. फक्त जेवण घालायचं. आणि आलेलं यंत्र परत पाठवायचं नसतं. असं कुणी केलेलं माझ्या तरी कानावर नव्हतं. ऑर्लिननं स्वतः इतक्यांची शेतं अशी कापली होती की कुणाकुणाची, ते त्याला आठवत नसे. लोकांना आठवत असे.

संध्याकाळी बटाटे सोलता सोलता मार्लिस म्हणाली, "शात्झ येतील."

"कोणता?"

"दोघंही."

 डेल्मर आणि व्हर्ल शात्झ हे सख्खे भाऊ. बाप गेल्यावर डेल्मरनं दोघांच्या मधली झाडांची रांग उपटून ती पट्टी नांगरली. व्हर्ल म्हणाला, पट्टी माझी. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. चर्चमध्ये एक डावीकडं बसे, एक उजवीकडं, आणि बिचारा पाद्री मधोमध बघून प्रवचन देई. दावा कोर्टात होता. जुन्या न्यायाधीशांनी तो हात न लावता नव्या माणसासाठी ठेवला होता, जसं पाहुणे जाताना उष्टी भांडी ठेवतात.

"येऊ देत की," ऑर्लिन म्हणाला. "दोघंही येतील, दोघंही कापतील. फिटलं."

"मी निवडून आले तर दावा माझ्यासमोर येणार."

"मग त्या दाव्याला हात लावू नकोस. दुसऱ्याकडं दे."

"तीन वर्षं लोक वाट बघतायत. पहिल्याच दिवशी मी म्हणू, मला नाही जमत, यांनी माझा गहू कापलाय?" तिनं बटाटा पाण्यात टाकला. "आणि ठेवून घेतला तर जो हरेल तो जन्मभर म्हणेल, दुसऱ्याचं यंत्र मोठं होतं."

"आधीच फोन कर त्यांना. येऊ नका म्हण."

"कशाला येऊ नका म्हणू? मला काय माहीत आहे?"

 खरंच होतं. इर्जिक आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन केला तर ती बाई आमंत्रणाची वाट बघत बसली होती असं झालं असतं. आणि फोन आधी कुणाला करायचा, डेल्मरला की व्हर्लला, इथूनच दुसरा दावा उभा राहिला असता.

"मार्लिस," तो शेवटी म्हणाला, "आलेलं यंत्र परत धाडलंस ना, तर या गावातलं एक मत मिळणार नाही तुला."

"माहीत आहे."

"आणि गहू माझाय."

"तेही माहीत आहे," ती म्हणाली. तिचा हात थांबला होता. "म्हणून तर तुला आधी सांगितलं."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं आणलेला दाणा दाढेखाली कट्ट वाजला. ऑर्लिननं दुसरा चावला, तिसरा चावला. मग त्यानं पश्चिमेकडं पाहिलं. आकाश तव्यासारखं पांढरं होतं आणि वारा पडला होता. असा वारा पडला की दोन दिवसांत काहीतरी येतं.

दुसऱ्या दिवशी दव उडायच्या वेळेला जमीन हलायला लागली.

आधी टेबलावरच्या कपातली कॉफी थरथरली. मग टेकाडाच्या मागून धुळीची भिंत वर आली, आणि त्या भिंतीतून एकेक यंत्र बाहेर पडलं. हिरवी, लाल, पिवळी, घराएवढी यंत्रं. पुढचं कापणीचं तोंड वेगळं ओढत आणलेलं, मागं रिकामे ट्रक. रांग संपतेय असं वाटे आणि टेकाड आणखी एक बाहेर टाकी. ऑर्लिननं आयुष्यभर अशा रांगेत बसून दुसऱ्याच्या शेतात जाणं केलं होतं. शेताच्या बाजूनं ती कशी दिसते हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं टोपी काढली. मग काढलेली कुणी बघू नये म्हणून परत घातली.

आर्डिसच्या जावयानं आणि आणखी दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून पिकअपच्या मागच्या हौद्यात ठेवलं, दोरीनं बांधलं आणि पिकअप शेताच्या तोंडाशी नेऊन उभी केली. "आता बस इथं आणि आमच्या चुका काढ," जावई म्हणाला. लहान पोराला झोपाळ्यात बांधतात तसं बांधून घेताना ऑर्लिनचे कान लाल झाले होते.

यंत्रं एकापाठोपाठ एक, पायरीपायरीनं शेतात शिरली आणि गव्हाची जणू कुणी चादर ओढावी तशी जमीन उघडी पडत गेली. कोंड्याचा सोनेरी धूर उठला, सूर्य त्यात तांबडा दिसू लागला. घामेजलेल्या मानांवर कुसळं चिकटली. ट्रक यंत्राच्या बाजूनं पळत, वरून नळीतून दाण्याची धार पडत राही, आणि दोघांपैकी कुणी थांबत नसे. एका ट्रकवर तर क्रेग ब्रेकी होता. समोरचा उमेदवार, नव्याकोऱ्या बुटांत.

"मतं मागायला आलास का रे?" ऑर्लिननं हाक मारली.

"या ट्रकचा क्लच सापडू दे आधी," क्रेग म्हणाला.

मार्लिस झाडाखाली लांब टेबलांवर बायकांबरोबर भाजलेल्या मांस-बटाट्याची पातेली मांडत होती. डोळा मात्र रस्त्यावर. जेवणाची वेळ जवळ आली तेव्हा पश्चिमेला, अगदी जमिनीलगत, एक निळी रेघ दिसली. ऑर्लिननं ती सगळ्यांच्या आधी पाहिली. आणि त्याच वेळेला रस्त्यावर दोन बाजूंनी दोन यंत्रं दिसली.

पूर्वेकडून डेल्मर, हिरव्यावर. पश्चिमेकडून व्हर्ल, लालवर. दोन्ही यंत्रांना कापणीची तोंडं आधीच जोडलेली, खडीचा रस्ता अख्खा व्यापून. दोघंही शेताच्या तोंडाशी एकदमच पोचले आणि समोरासमोर थांबले. आत आधी कुणी शिरायचं?

मार्लिसनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. एप्रनला हात पुसत ती चालत आली आणि शेताच्या तोंडात, बरोबर मधे, उभी राहिली. दोन यंत्रांच्या मधे ती फार लहान दिसत होती.

"डेल्मर, व्हर्ल. खाली उतरता का जरा? दोघंही."

दोघं उतरले. डेल्मर उंच, वाकलेला. व्हर्ल तसाच, पण न वाकलेला. एकमेकांकडं न बघता ते तिच्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही आलात ते मी पाहिलं," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही. पण आत जाऊ नका."

शेतात जवळची यंत्रं हळू झाली. मग थांबली.

"काय म्हणालीस?" डेल्मर म्हणाला.

"तुमचा दावा आहे. निकाल द्यायला कदाचित मी असेन. माझ्या कोठीत तुमच्या हातचा दाणा नको."

"माझा बाप गेला त्या साली ऑर्लिननं माझं सगळं शेत कापून दिलं. मी त्याचं फेडायला आलोय. तुझ्याशी माझा काय संबंध?"

"आम्ही एकाच कोठीतलं खातो, डेल्मर."

व्हर्लनं पायानं खडी उकरली. "दोघांनी सारखंच कापलं तर? मग कुणाचं कमी, कुणाचं जास्त असं नाही."

"सारखं म्हणजे किती ते तुम्ही दोघं ठरवणार?"

शेतातून कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. डेल्मरची मान तांबडी झाली. सगळ्या गावासमोर जेवणाच्या वेळेला त्याला दारातून परत पाठवलं जात होतं. त्यानं तिच्या डोक्यावरून पलीकडं, पिकअपकडं पाहिलं.

"ऑर्लिन. शेत तुझंय. तू बोल."

आता सगळेच त्याच्याकडं बघत होते. खुर्चीत बांधलेला ऑर्लिन. त्याच्या समोर पश्चिमेची पट्टी अजून उभी होती, वाऱ्याशिवाय, गच्च, यंदाचा सगळ्यात भारी गहू. तिच्या वर ती निळी रेघ आता हाताएवढी रुंद झाली होती आणि तिच्या पोटात पांढुरकं काहीतरी होतं. आणखी दोन यंत्रं आत गेली तर पट्टी वाचत होती. त्याला तो हिशेब बोटांवर करावा लागला नाही.

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. पाठ त्याच्याकडं होती आणि ती वळली नाही. तीस वर्षांत ती कोर्टात कशी उभी राहते हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. कोर्टाच्या दिवशी त्याला नेहमी शेतात काम असे. अशी उभी राहते तर, त्याच्या मनात आलं. दोन यंत्रांसमोर एप्रन बांधून, आणि भार कुठल्याच एका पायावर नाही. 

"शेताच्या तोंडात ती उभी आहे," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं काही वेगळं नाही."

 यंत्रांची घरघर बंद झाल्यामुळं पोळ्यासारखे गुणगुणणारे टोळ ऐकू येऊ लागले. आर्डिस आपल्या हार्वेस्टरच्या काचेच्या खोलीत हात बांधून बसली होती. ती तोंड फिरवून घरी गेली असती तर बाकीचे तिच्यामागं गेले असते. तिनं बराच वेळ मार्लिसकडं रोखून पाहिलं, आकाशाकडं पाहिलं, आणि चावी फिरवली. तिच्या यंत्रानं धूर सोडला. मग बाजूचं सुरू झालं. मग त्यापलीकडचं.

पण पुढचं बघायला सगळ्यांचा एक डोळा मागंच होता. कारण शात्झ बंधूंची यंत्रं तोंडाला तोंड लावून उभी होती, दोन्ही बाजूंना खोल चर, आणि मागचं दिसत नाही असं रुंद धूड वळवायचं म्हणजे खाली उभं राहून कुणीतरी हात दाखवावा लागतो. एकट्यानं होत नाही.

डेल्मर चढला. यंत्र मागं घेतलं, चाक चराच्या काठावर गेलं, माती ढासळली. त्यानं ब्रेक लावला. पुन्हा पुढं, पुन्हा मागं, पुन्हा माती. व्हर्ल आपल्या यंत्राला टेकून बघत होता. क्रेग ब्रेकी ट्रकमधून उतरायला लागला तशी मार्लिसनं नुसती बोटं हलवून त्याला थांबवलं.

व्हर्लनं टोपी मागं सारली. चालत भावाच्या यंत्रामागं गेला आणि हात वर केला.

"डावीकडं," तो ओरडला. "डावीकडं घे, गाढवा. तुझ्या डावीकडं."

"दिसतंय मला."

"दिसलं असतं तर चरात गेला नसतास. ये. ये. अजून ये. बस."

हिरवं वळलं. मग डेल्मर उतरला आणि त्यानं लाल वळवून दिलं.  दोघं घरी गेले नाहीत मात्र. यंत्रं रस्त्याच्या कडेला एकामागं एक लावून, आपापल्या चाकाच्या सावलीत उभे राहिले आणि दुसऱ्यांचं काम बघत राहिले. आर्डिसनं दोघांना एकेक ताट नेऊन दिलं. जेवणाला मनाई नव्हती.

क्रेग पिकअपजवळ आला. "मी हे केलं नसतं," तो ऑर्लिनला म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "मला सुचलंच नसतं."

"तिला सांग की."

"निवडणूक झाल्यावर," क्रेग म्हणाला आणि ट्रककडं गेला.

गारा दुपार कलल्यावर आल्या. पांढरी भिंत सरळ शेतावरून चालत आली. माणसं यंत्रांखाली शिरली. ऑर्लिनला सोडायला वेळ नव्हता. मार्लिस हौद्यात चढली आणि तिनं टेबलावरचा पत्र्याचा मोठा ट्रे दोघांच्या डोक्यावर धरला. त्या ट्रेवर असा काही दणका चालला की बोलणं शक्यच नव्हतं. ऑर्लिन ट्रेच्या काठाखालून बघत होता. पश्चिमेची पट्टी आधी थरथरली, मग वाकली, मग जमिनीला मिळाली. बाकीचं सगळं शेत कापलेलं होतं. तेवढीच पट्टी राहिली होती. दोन यंत्रांच्या कामाएवढी.

गारा थांबल्यावर सगळीकडं बर्फाचे गोटे चमकत होते आणि ओल्या काडाचा वास सुटला होता. मार्लिसनं ट्रे खाली घेतला. तिच्या बोटांची पेरं सोलली होती.

"गेली," ती म्हणाली.

"हो."

"ऑर्लिन —"

"हात दाखव," तो म्हणाला.

त्यापुढं गोदामावर एकच विषय. पहिला आठवडा लोक म्हणाले, बाईनं आपल्या हातानं नवऱ्याचा गहू झोपवला. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, शिष्टपणाला सीमा असते. सप्टेंबरात ऑर्लिन कुबड्यांवर पहिल्यांदा कॉफीला गेला तर बाकावर त्याच्यासाठी जागा झाली, पण बोलणं थांबलं. त्यानं साखर मागितली आणि कुणीतरी ती न बघता सरकवली. रस्त्यावरच्या तिच्या नावाच्या काही पाट्या उपटल्या गेल्या. घरी येऊन त्यानं हे काही सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

नोव्हेंबरात ती निवडून आली. बऱ्याच लांबच्या गावांनी तिला उचललं. तिकडं लोकांना ती कोण आहे ते माहीत नव्हतं, किंवा ऐकून माहीत होतं. आमच्या गावात मात्र ती पडली. फार नाही, पण पडली. ऑर्लिन आकडे ऐकून बराच वेळ बूट पुसत बसला. आर्डिसनं कुणाला मत दिलं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती एक केक ठेवून गेली. तो अभिनंदनाचा की सांत्वनाचा, कळायला मार्ग नव्हता.

एक गोष्ट बाकी होती आणि ती ऑर्लिनच्या घशात अडकून होती. आमच्याकडं दाव्यातल्या कुणालाही एकदा, काही कारण न देता, दुसरा न्यायाधीश मागता येतो. एक कागद सही करून दिला की झालं. मुदत थोडी असते. डेल्मरनं तो द्यावा यासाठी त्याच्याकडं कारण होतं, सगळ्या गावानं पाहिलेलं. व्हर्लकडंही तेच. एकानं जरी दिला तरी ती पट्टी फुकट गेली.

तिला विचारता येत नव्हतं. कोर्टातलं ती घरी बोलत नसे, आणि आता तर अजिबातच नाही. जानेवारीत ती काळा झगा पिशवीत घालून जायला लागली. तो खिडकीशी बसून बर्फ बघे, काठी घेऊन अंगणात दहा पावलं टाके, परत येई. रोज संध्याकाळी तिची गाडी आली की चेहरा वाचायचा प्रयत्न करी. तो चेहरा आता वाचता येत नव्हता. दुसऱ्या सगळ्यांना येत नव्हता तसा त्यालाही.

एका संध्याकाळी सूप वाढता वाढता ती म्हणाली, "उद्या मला यायला उशीर होईल. तू जेवून घे."

"का?"

"सुनावणी आहे. लांबेल." तिनं पाव कापला. "उघड्या कोर्टात आहे, दारावर लावलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही. शात्झ विरुद्ध शात्झ."

ऑर्लिनचा चमचा वर राहिला.

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"दोघांनीही तो कागद नाही...?"

"सूप निवतंय," ती म्हणाली.

त्यानं सूप प्यायलं. सगळं प्यायलं, पावानं भांडं पुसलं. मग काठी न घेता, टेबलाला, ओट्याला, दाराला धरत तो खिडकीशी गेला. उजेड अजून थोडा होता. पश्चिमेची पट्टी बर्फाखाली होती, मोडलेल्या काड्या तेवढ्या वर. आणि अलीकडं, शेताच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी ढासळलेल्या तशाच होत्या. शरदात काउंटीचा माणूस दोनदा रस्ता सारखा करून गेला होता. दोन्ही वेळा तिथं आल्यावर त्यानं यंत्राचं पातं उचलून चाकांच्या खुणा तशाच ठेवल्या होत्या. आता त्या खुणा दगडासारख्या गोठल्या होत्या, एकमेकींत शिरलेल्या, कुठली हिरव्याची नि कुठली लालची ते सांगता येऊ नये अशा.